मोह लिहिलेला डबा

मला वास येत नाही. जन्मापासूनच. आज हे इतकं सरळ लिहून टाकलं, पण चाळिशी उलटेपर्यंत मी ते तोंडाबाहेर काढलं नव्हतं. आणि पीएचडी केली ती कशावर, तर वासावर. चिलटांना वास कसा येतो आणि पिढ्या सरतात तशी त्यांची वास घेण्याची तऱ्हा कशी बदलते, त्यावर. हसू येत असेल तर हसून घ्या, मी राग मानणार नाही. म्हणजे मानेन, पण दाखवणार नाही.

भिलाईत, स्टील प्लांटच्या क्वार्टरमध्ये मी लहानाची मोठी झाले. वारा फिरला की कोक ओव्हनकडून काहीतरी यायचं आणि आमची क्वार्टरांची अख्खी लाइन नाकाला पदर लावायची. "आज लय गॅस सोडला बाप्पा," असं बाया म्हणायच्या. मीही फ्रॉक नाकावर धरायचे आणि तोंड वाकडं करायचे, बाकीच्या पोरी करतात म्हणून. मला वाटायचं, हा सगळ्यांनी मिळून खेळायचा खेळ आहे आणि मला तो नीट जमत नाही. एकदा रॉकेल सांडलेल्या गोधडीवर मी दुपारभर निजले, तेव्हा आईच्या ध्यानात आलं. तिने उदबत्ती, हिंग, फिनाइल, एकेक माझ्या नाकाशी धरून पाहिलं. मग दार लावून घेतलं आणि म्हणाली, "हे कोणाले सांगू नको बाई. लग्न जमणार नाही."

मी नाही सांगितलं. लग्न जमलं. नवऱ्यालाही कळलं नाही. शिफ्टा करून आलेल्या माणसाला बायकोचं नाक तपासायला वेळ कुठला. मी समोरच्याचा चेहरा वाचायला शिकले होते. कोणाचे डोळे अर्धे मिटले की म्हणायचं, मस्त सुटलाय. कोणाची भुवई चढली की म्हणायचं, ईऽऽ. वर्षानुवर्षं मी असं दुसऱ्यांच्या नाकावर जगत आले, आणि ज्याला ज्याला नाक आहे त्या प्रत्येकावर मनातल्या मनात जळत आले.

वास हा विषयसुद्धा मी जळूनच घेतला. एम.एस्सी.ला असताना चिलटांचा पाठ आला. केळं जरा पिकलं की घरात जी बारकी तांबूस डोळ्यांची पाखरं घिरट्या घालतात, तीच ही. त्यांच्या डोक्यावर दोन बारीक मिशा असतात. त्या मिशांवर वास पकडणाऱ्या जागा असतात, आणि त्या जागा घडवणारी वेगवेगळी जनुकं. पिढी पुढे जाताना कधी एखाद्या जनुकाची चुकून दुसरी नक्कल होते. मग एक नक्कल जुनं काम करत राहते आणि दुसरी मोकळी होते. ती मोकळी हळूहळू बदलत जाते आणि कधी एखाद्या नव्याच वासाला दाद देऊ लागते. कधी नुसतीच मोडून पडते. मोडलेलं जनुक टाकून दिलं जात नाही, तिथंच राहतं, रिटायर झालेल्या माणसाच्या कुलूप लावलेल्या क्वार्टरसारखं. भिंतीवर नंबर असतो, आत कोणी राहत नाही. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. माझ्या आत कुठंतरी असंच एखादं क्वार्टर बंद पडलं असणार, आणि चिलटासारख्या टिचभर जिवाच्या घरात मात्र सगळे दिवे लागलेले.

दूर समुद्रातल्या बेटांवर चिलटांची एक जात आहे, ती नोनीच्या फळावर जगते. त्या फळाचा वास म्हणे फार वाईट. इतर चिलटं त्याच्यापासून लांब राहतात, बसलीच तर मरतात. हिला मात्र तेच घर. त्या एका फळासाठी हिच्या नाकाची फेरमांडणी झाली. काही जागा वाढल्या, आणि कामाची न उरलेली काही जनुकं मोडीत निघाली. मला तिचाही हेवा वाटला. तिची जनुकं मोडली ती घर मिळाल्यावर. माझी उगीचच मोडली.

लग्नानंतर मी दुर्गच्या एका कॉलेजात अतिथी व्याख्याता म्हणून शिकवू लागले. अतिथी म्हणजे दरवर्षी नव्याने बोलावतील तर बोलावतील. पीएचडी नसली तर जन्मभर पाहुणीच. म्हणून नाव नोंदवलं, आणि विषय मी सरांना सांगितला. सर म्हणजे माझे मार्गदर्शक, साठीला टेकलेले, चहाचे शौकीन. आमच्या छत्तीसगढात उन्हाळा लागला की गावोगाव मोहफुलं वेचून अंगणात वाळत घालतात. तिथं चिलटं पिढ्यान्‌पिढ्या मोहावर वाढतात. बेटावरच्या त्या जातीसारखं यांचंही नाक मोहाकडे वळलं असेल का, आणि ते वळण रक्तात उतरलं असेल का, हा माझा प्रश्न. सर म्हणाले, करा.

दुर्गच्या पलीकडच्या एका गावातून मी मोहावरची चिलटं धरून आणली आणि रुआबांध्याच्या बाजारातल्या केळी-पपईच्या गाड्यांवरून दुसरी. एक मोहवाली, एक बाजारवाली. दोघींना काचेच्या बाटल्यांत ठेवायचं आणि एकाच जातीचं खाणं द्यायचं: मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि ते घट्ट करणारं अगर, सगळं शिजवून गार केलेलं. दहा-बारा दिवसांत एक पिढी होते. पुष्कळ पिढ्या अशा मोहाशिवाय जाऊ द्यायच्या. मग ज्यांनी मोह कधी पाहिलासुद्धा नाही अशा मोहवालीच्या पोरींना दुफाट्याच्या काचनळीत सोडायचं. एका फाट्यात मोहाचा वास, दुसऱ्यात नुसती हवा. त्या मोहाकडे धावल्या, तर ते आजी-पणजीकडून आलेलं.

एकदा बाजारवालीची बुरशी मोहवालीच्या बाटल्यांत शिरली, तेव्हापासून मी दोघींचं सगळं वेगळं केलं. पातेली दोन, पळ्या दोन, गुळाचे डबेही दोन. सर हसायचे, "मॅडम, तुमचं सोवळंच आहे हे." डबे मी घरून आणले होते. सासूबाईंच्या फळीवर दोन रिकामे पत्र्याचे डबे पडून होते. त्यातल्या एकावर त्यांनी कधीकाळी खिळ्याने कोरून 'मोह' लिहिलेलं होतं. गोंदियाकडच्या गावाहून मोहफुलं यायची, ती पोळ्याच्या सणाला करायच्या पुऱ्यांसाठी त्यात ठेवत. मी म्हटलं, बरंच झालं, लेबल तयारच आहे. चिंच लावून घासला, दोन दिवस उन्हात ठेवला, आणि मोहवालीचा गूळ त्यात भरला.

आणि निकाल आला. काय आला म्हणून सांगू. मोहवालीच्या पोरी नळीत सोडल्या की सरळ मोहाकडे. बाजारवालीच्या पोरी इकडे निम्म्या, तिकडे निम्म्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच. सर खुर्चीतून उठून उभे राहिले. "मॅडम, याच्यावर तुमचा प्रबंध उभा राहतो," म्हणाले. मी घरी आले ती तरंगत.

घरात जाऊ होती.

तिचं सांगायला हवं, कारण माझं पोट दुखायचं ते तिच्यावरून. धाकट्या दिराची बायको. चरोद्याची, रेल्वेवाल्यांची पोरगी, बारावी झालेली. ती लग्न होऊन आली तेव्हा माझी मुलगी पाच महिन्यांची होती. दिसायला साधी, बोलायला कमी, पण नाक असं की अंगणात भांडी घासता घासता सांगायची, "आई, वरण खाली लागून राहिलं." धुतलेल्या कपड्यांच्या ढिगातून टॉवेल उचलून, हा दादांचा, हा भाऊजींचा, असं वाटून द्यायची. सासूबाईंना त्याचं भारी कौतुक. मी कधी फोडणीत मीठ-तिखटावरून चार शब्द सुचवले, की त्या म्हणायच्या, "नाकानं कांदे नको सोलू वं, तिले विचार." त्यांना माहीत नव्हतं त्या काय बोलून जातात.

एका सकाळी मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. जाऊ अंगणातून धावत आली, मला बाजूला सारलं, सिलिंडर बंद केला आणि खिडक्या उघडल्या. नळी चिरली होती. गॅस किती वेळ सुटत होता देव जाणे, आणि मी काडेपेटी हाताशी ठेवून उभी. सासूबाई आल्या, दोघींकडे पाहिलं. "तू इथंच उभी होती न? तुले नाही आला वास?"

"मले सर्दी आहे," मी म्हटलं.

दिवसभर लाइनीतल्या बाया येऊन जावेचं कौतुक करून गेल्या. तिने सगळ्यांचा जीव वाचवला, माझा आणि माझ्या लेकराचाही. मला तिचे पाय धरायला हवे होते. त्याऐवजी माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. संध्याकाळी तिने माझ्या मुलीला मांडीवर घेतलं, तिच्या टाळूवर नाक टेकवलं आणि डोळे मिटले. "काय गोड वास येते वं हिच्या डोक्याले," ती म्हणाली. मी पोरीला हिसकावून घेतलं, दूध पाजायचंय म्हणून. मग आतल्या खोलीत जाऊन मीही तिच्या टाळूवर नाक टेकवलं. ऊब होती, मऊ केस होते. दुसरं काही नव्हतं. पोरगी माझ्या पोटची, आणि तिच्यातलं काहीतरी त्या बाईला मिळालं होतं, मला नाही. त्या दिवसापासून मी जावेला माफ केलं नाही. तिने काय केलं होतं म्हणाल, तर काहीच नाही.

अशी सात वर्षं गेली. निकालाच्या पुढच्या महिन्यात मी एकदा जेवणाचा डबा घरी विसरले. जाऊ दुर्गला कापड घ्यायला निघालीच होती, ती वाटेत डबा द्यायला कॉलेजात आली. मी खाणं शिजवत होते. तिला म्हटलं, बस जरा. ती उभ्यानेच इकडे तिकडे पाहत राहिली. मोहवालीच्या पातेल्यात गूळ टाकायचा होता, हात माखलेले होते, म्हणून मी तिला गुळाच्या डब्याचं झाकण उघडायला सांगितलं.

तिने उघडलं आणि हसली. "ताई, तुमी या माश्याइले मोहाचा गूळ खाऊ घालता?"

"साधा गूळ आहे तो."

"गूळ साधाच असंन. पण वास मोहाचा येऊन राहिला. आईच्या मोहाच्या डब्यात ठेवला न तुमी." तिने दुसरा डबा आपणहून उघडला. "यातल्याले नाही येत."

पळी माझ्या हातातच राहिली. पत्र्याच्या सांध्यांत राहिलेला मोह. त्या वासाचा गूळ, त्या गुळाचं खाणं, आणि त्याच खाण्यात अळीपणापासून लोळत वाढलेली माझी मोहवाली, पिढ्यामागून पिढ्या. मोह कधी न पाहिलेल्या पोरी म्हणे. त्या जन्मल्याच मोहात. त्यांना आजी-पणजीने काही दिलेलं नव्हतं, डब्याने दिलं होतं. माझा सगळा प्रबंध त्या डब्यात बुडाला होता.

मला हे सगळं तेवढ्यात कळलं, आणि मी काय केलं, तर तिच्यावर ओरडले. "तुले काय समजते यातलं? बारावी शिकली अन मले सायन्स शिकवते."

ती रागावली नाही. दाराकडे पाहून हळूच म्हणाली, "तुमाले वास येत नाही न ताई. मले माहीत आहे. गॅस सुटला होता न, तवापासून माहीत आहे. मी कोणाले सांगितलं नाही."

सात वर्षं. सात वर्षं ही बाई माझं गुपित सांभाळत माझ्याच घरात पोळ्या लाटत होती. मी तिच्याकडे तुच्छतेने पाहत होते, तेव्हा ती माझी कीव करत होती. मला त्या डब्यापेक्षा हे जास्त लागलं.

ती गेल्यावर मी आमच्या प्रयोगशाळेतल्या भैयाला बोलावलं. तो वीस वर्षं तिथं बाटल्या धुतो, छत्तीसगढी माणूस. विचारलं, या डब्याला कसला वास येतो? त्याने न वाकताच सांगितलं, "महुआ के डब्बा हे त महुआ च महकही, मैडम." मोहाचा डबा आहे तर मोहाचाच वास येणार. वर लिहिलेलंच होतं. त्याला वाटत होतं, मी मुद्दामच तसं ठेवलंय. ज्याला नाक होतं त्याने लेबल वाचून विश्वास ठेवला, आणि जिने लेबल निवडलं तिला नाक नव्हतं.

पंधरा दिवस मी कोणाशी काही बोलले नाही. निकाल सरांच्या टेबलावर होता, आकडे खरे होते, नळीत मोहवाली खरंच मोहाकडे गेली होती. डब्यात नाक घालून पाहायला कोण येणार होतं? भैयाला त्यात काही चूक वाटत नव्हती. राहिली जाऊ. आणि ती बोलली नसती, याची मला शंभर टक्के खात्री होती. तेच मला सहन होईना. मला माझी नोकरी, माझी पदवी, सगळं त्या बारावी पास बाईच्या गप्प राहण्यावर उभं करायचं नव्हतं. लोक म्हणतील, प्रामाणिकपणा. प्रामाणिकपणा कसला, मी जळत होते.

मी सरांकडे गेले आणि डब्याचं सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी विचारलं, "पण तुमच्या लक्षात कसं आलं?"

"वासावरून," मी म्हटलं.

"तुम्हाला आला?"

आता सांगायचं होतं. जीभ उचललीही होती मी. "हो सर," मी म्हटलं. "झाकण उघडलं अन मले वास आला."

इतकं सोपं होतं ते. आयुष्यभर नाटक केलं, पण असं उघडउघड दुसरीचं नाक काढून आपल्या तोंडावर लावणं पहिल्यांदाच.

पुढचं वर्ष सगळं पुन्हा करण्यात गेलं. दोन नवे डबे, नवा गूळ. मोहवालीला मोहाच्या वासाशिवाय पिढ्यामागून पिढ्या वाढवलं. मग नळीत सोडलं. इकडे निम्म्या, तिकडे निम्म्या, बाजारवालीसारख्याच. काही बाटल्यांत मी मुद्दाम मोह घातला, तर त्यांतल्या पोरी पुन्हा मोहाकडे धावू लागल्या, बाजारवालीच्या पोरीसुद्धा. मग प्रबंध त्यावरच लिहिला: जे जनुकांत उतरल्यासारखं दिसतं ते कधीकधी बालपणीच्या खाण्यातून आलेलं असतं, आणि वासाची जनुकं बदलली असं म्हणण्याआधी काय काय तपासावं लागतं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांना तेच आवडलं. एवढी बारीक चूक स्वतः पकडली, याचं त्यांनी दोनदा कौतुक केलं. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, विनय.

प्रबंधाच्या सुरुवातीला आभार असतात. मी सरांचे मानले, नवऱ्याचे, सासूबाईंचे, भैयाचे, रुआबांध्याच्या बाजारातल्या पपईवालीचेसुद्धा. जावेचं नाव लिहायला तीनदा बसले. तिचं नाव लिहिलं की कशाबद्दल ते लिहावं लागलं असतं. कारण नसताना नुसतं नावही लिहिता आलं असतं. तेही लिहिलं नाही.

पदवी मिळाली तेव्हा सर पेढे घेऊन आमच्या घरी आले. सगळे बाहेरच्या खोलीत बसले होते. जाऊ चहाचा ट्रे घेऊन आली. सर सासूबाईंना म्हणाले, "तुमच्या सूनबाईंचं नाक म्हणजे काय सांगू. रिकाम्या डब्यातला जुना मोह ओळखला त्यांनी. दुसरं कोणी असतं तर सगळं वाहून गेलं असतं." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग जावेकडे पाहिलं. त्यांना काहीतरी जुळेना.

सरांनी कप नाकाशी नेला, डोळे मिटले आणि माझ्याकडे वळले. "वा. ओळखा पाहू मॅडम, चहात काय आहे ते. तुम्हाला जमणार नाही तर कोणाला?"

मी कप उचलला. वाफ तोंडावर आली, ओली आणि गरम. आलं? वेलची? सगळे माझ्याकडे पाहत होते. चेहरे वाचून जगलेली मी, पण त्या दिवशी सगळ्या चेहऱ्यांवर एकच प्रश्न होता, उत्तर एकावरही नव्हतं.

"त्या काय ओळखतीन सर," जाऊ ट्रे खाली ठेवता ठेवता म्हणाली. "गवती चहा टाक म्हणून ताईनंच तर सांगितलं होतं मले. त्याइले दुरूनच समजते सगळं."

सर खळखळून हसले. सासूबाईही हसल्या. मी काही सांगितलेलं नव्हतं. त्या दुपारी तर आम्ही दोघी बोललोसुद्धा नव्हतो.

लोक गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. ती कप विसळत होती. मी तिच्या मागे उभी राहिले आणि विचारलं, "तू खोटं कावून बोलली?"

तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "मंग काय करू ताई? चार लोकांत तुमचं नाक कापू देऊ का?"

ती सहज बोलली होती. आपण काय बोललो ते तिच्या ध्यानातही आलं नाही, ती पुढचा कप नळाखाली धरत होती. मला रडू आलं. आणि रडतानासुद्धा मला तिचा हेवाच वाटत होता.